गुनवोरची बाजू

लाउवोयच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर एखाद्याचं फारच कौतुक करायचं झालं तर लोक म्हणतात, "वाईट नाही." याच्या वर पायरी नाही. मुलगा डॉक्टर झाला, वाईट नाही. सून गुणी निघाली, वाईट नाही. गुनवोर मोल्तूच्या स्वेलेला मात्र तीसेक वर्षांत कुणी एवढंही म्हटलं नव्हतं. लोक नुसते रांगेत उभे राहायचे, खायचे, बोटं चाटायचे आणि खाली गाडीत जाऊन बसायचे. आपल्याला त्याचं काही वाटत नाही असं गुनवोर म्हणायची. वाटत होतं. चांगलंच वाटत होतं.

स्वेले म्हणजे ताकात पीठ भिजवून केलेलं जाड, गोड धिरडं. तव्यावरून उतरलं की त्यावर लोणी-साखर किंवा तपकिरी चीज घालायचं आणि अर्ध्यात मुडपून हातात द्यायचं. घरी ते कुणी फारसं करत नाही. ते फेरीबोटीवरच खायचं असतं, आणि बोटीवर चढलेला माणूस ते खाल्ल्याशिवाय उतरला तर त्याची तब्येत बरी नसावी असं आम्ही धरून चालतो.

आमची बोट लाउवोयहून निघते, समोर हेल्लेनेसला लागते आणि न वळताच परत येते, कारण तिला दोन्हीकडून तोंड आहे. त्यामुळे तिची एक कूस जन्मभर उघड्या समुद्राकडे आणि दुसरी जन्मभर डोंगराकडे. जुन्या बोटीवर वर जायचा जिना समुद्राच्या बाजूला होता आणि जिना संपतो तिथेच गुनवोरचा तवा. पलीकडे पोचायला वेळ तो किती, कॉफी थंड होईल एवढाच. म्हणून ट्रकवाल्यांना जिन्याखालचीच रांग हवी असायची. ब्रेक दाबला की दार उघडून थेट जिन्यावर. गाड्या लावून घेणारा अर्नफिन त्यांना तिकडेच लावायचा, कारण ट्रकवाले वर गेले की एक स्वेले त्याच्यासाठी पाठवायचे. बाहेरगावचे ड्रायव्हर चुकून डोंगराकडे जाऊन उभे राहायला लागले, तेव्हा त्याने पिवळ्या रंगाचा डबा आणला आणि त्या रांगेत डेकवर हा मोठा 'स' काढला. पूर्ण शब्द लिहायचा त्याचा बेत होता. रंग संपला.

गुनवोर बोटीवर आली ती एका उन्हाळ्यापुरती. त्याआधी ती मासळीच्या कारखान्यात कॉड कापायची आणि नाचाला गेली की मुलं दोन पावलं लांब उभी राहायची. बोटीवर कमीत कमी वास तरी चांगला येईल, एवढाच तिचा विचार होता. तो उन्हाळा काही संपला नाही. तव्यामागे तिचं राज्य होतं आणि राज्याला कायदे होते. "जरा लवकर" म्हणणारा रांगेच्या शेवटी. एकदा चर्चचे पाद्रीबाबा तसं म्हणाले, त्यांनाही तिने शेवटी पाठवलं, आणि त्यांची पाळी येईपर्यंत हेल्लेनेस आलं. माणसांची नावं तिला आठवत नसत, ती त्यांना खाण्यावरून ओळखायची. ट्रकवाला मागनार तिच्या लेखी 'चीज दोनदा' होता. त्याची बायको वारली तेव्हा गुनवोर अंत्यविधीला गेली, त्याचा हात हातात घेतला आणि नाव काही आठवेना. "चीज दोनदा," ती हळूच म्हणाली. मागनार त्या दिवसात पहिल्यांदा हसला, असं लोक सांगतात.

मग जिल्हा परिषदेने ठरवलं की जुनी डिझेलची बोट काढायची आणि बॅटरीवर चालणारी नवी आणायची. आराखड्याचं काम शहरातल्या एका ऑफिसला मिळालं, आणि त्या ऑफिसात गुनवोरच्या धाकट्या बहिणीचा मुलगा तोर्युस होता. लहानपणी तो शाळेला याच बोटीने जायचा. मावशीच्या तव्यापाशी पहिला पोचायचा म्हणून जिन्यावर दोनदा तोंडावर आपटलेला. आता त्याच्या पदवीइतकी लांब दाढी त्याने वाढवली होती.

तो जुन्या बोटीवर आला आणि कानाकोपऱ्यात सेन्सर चिकटवत सुटला.

"हे काय रे?" गुनवोरने विचारलं.

"मावशी, बोट किती ऊर्जा खाते, किती झुकते, वारा कुठून, वजन कुठे, सगळं हे टिपणार. ते सगळं यंत्राला दाखवायचं. यंत्र त्यातून शिकतं आणि सगळ्यात कमी खाणारी बोट काढून देतं."

"शिकवतं कोण त्याला?"

"कुणीच नाही. तेच तर! माणूस शिकवायला गेला की आपल्या चुका शिकवतो. हे स्वतःच आकडे बघून शिकतं."

"मग कुणाच्या चुका शिकतं?"

तोर्युस हसला आणि एक स्वेले मागून घेतलं. तव्याखालीही त्याने एक सेन्सर चिकटवला. गुनवोरने त्याला फुकट चीज दिलं, हे तिला पुढे फार लागलं.

यंत्र वर्षभर शिकत राहिलं. हजारो बोटी त्याने मनातल्या मनात बांधल्या, मनातल्या मनात बुडवल्या आणि शेवटी एक ठेवली. तिचं पोट निमुळतं होतं, तोंडाला धार होती. या खाडीत वजन 'स' बाजूला जास्त पडतं हे यंत्राच्या ध्यानात आलं होतं. बोट कलली की पाणी जास्त कापावं लागतं, ती सरळ करायला पंपाने टाक्यांत पाणी भरावं लागतं, आणि पंप वीज खातात. यंत्राने काय करावं? सगळ्या जड बॅटऱ्या डोंगराकडच्या कुशीत नेऊन ठेवल्या. इकडे माणसं नि ट्रक, तिकडे बॅटऱ्या. बोट आपोआप सरळ. ऑफिसातले लोक खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायला लागले. हे माणसाला सुचलंच नसतं, असं ते म्हणाले, आणि ते अगदी खरं होतं.

वजन 'स' बाजूलाच का पडतं, हे यंत्राने विचारलं नाही. त्याला 'का' विचारायला शिकवलंच नव्हतं. तोर्युसने आपल्या अहवालात लिहिलं की 'स' म्हणजे समुद्राची बाजू, धक्क्याच्या वळणामुळे गाड्या तिकडे जात असाव्यात. आमच्या भाषेतही समुद्र आणि स्वेले एकाच अक्षराने सुरू होतात, त्याला कोण काय करणार.

मग यंत्राने वीज कुठे वाया जाते ते काढलं. पहिल्याच पानावर एक वस्तू निघाली, दिवसभर तापत राहणारी, बोट चालवायला काडीचा उपयोग नसलेली. तिच्या जागी मधोमध कॉफीचं मशीन आणि पिशवीतले बन ठेवावेत असं ठरलं. म्हणजे एका हाताने माणसं 'स' बाजूला जाणार हे गृहीत धरलं आणि दुसऱ्या हाताने ती तिकडे कशासाठी जातात तेच काढून टाकलं. दोन्ही हात एकाच यंत्राचे. या आराखड्याला परदेशातल्या एका परिषदेत बक्षीसही मिळालं.

ही बातमी तोर्युसने स्वतः मावशीला सांगितली. एवढी लाज त्याला होती.

"तवा वीज खातो, मावशी."

"तवा वीज खातो आणि माणसं तवा खातात. तुझं यंत्र काय खातं?"

"यंत्रालाही वीज लागते, पण..."

"किती?"

तोर्युसने आकडा सांगितला नाही. तो बराच मोठा होता.

शेवटच्या दिवशी कंपनीच्या साहेबांनी गुनवोरला फ्रेम केलेलं एक चित्र दिलं. नव्या बोटीचं, पाण्याखालून काढलेलं. वर कॉफी मशीनची वीस कुपनं. भाषण झालं, त्यात 'हरित' हा शब्द बराच आला आणि 'स्वेले' हा शब्द आला नाही. रांगेतले लोक नेहमीसारखे खाली बघत खात होते. एकालाही तोंड उघडून काही म्हणता आलं नाही. मागनारने दोनदा घसा साफ केला आणि शेवटी "बरंय मग" एवढं बोलून तो जिना उतरला. गुनवोर घरी आली, ते चित्र तिने कोंबड्यांच्या खुराड्याच्या भोकावर ठोकलं आणि रडली. तवा मोडीत जायचा होता. अर्नफिनने तो रात्रीतून तिची छोटी नाव ठेवायच्या कोठीत आणून टाकला आणि मोडीच्या गाडीत स्वतःच्या घरची जुनी शेगडी भरली.

त्यानंतर गुनवोरने नव्या बोटीवर पाय ठेवला नाही. हेल्लेनेसला बहिणीकडे जायचं तर ती गाडी काढायची आणि सगळ्या खाडीला वळसा घालून जायची. तिने एकटीने त्या हिवाळ्यात एवढं पेट्रोल जाळलं की जिल्हा परिषदेच्या हरित आकड्यांत ते धरलं असतं तर बोटच बंद करावी लागली असती.

नवी बोट दिसायला सुंदर होती. जुन्या परंपरेचा मान म्हणून ऑफिसने 'स' हे अक्षर चकचकीत स्टीलमध्ये करून त्याच रांगेत बसवलं होतं, आणि जोडीला पलीकडे डोंगराचा 'ड'. उद्घाटनाला शाळेचा बँड आला. महापौरबाईंनी केक कापला आणि केकचा दुसरा अर्धा भाग आपण होऊन डोंगराकडे सरकला.

बोट डोंगराकडे कलत होती. ट्रकवाल्यांना आता वर जाऊन करायचं काय? ते कुठेही उभे राहायचे आणि केबिनमध्येच पिशवीतला बन फोडून पेंगायचे. अर्नफिन नियमाप्रमाणे दोन्हीकडे सारख्या गाड्या लावायचा. बॅटऱ्या मात्र आपल्या जागी इमानाने बसलेल्या होत्या. पंप सकाळपासून समुद्राकडच्या टाक्या भरत राहायचे आणि दुपारपर्यंत बॅटरी एवढी उतरायची की धक्क्याला लागून चार्ज होईपर्यंत लोकांनी वाट बघावी. सगळ्यात कमी वीज खाणारी बोट जुनीपेक्षा महाग पडायला लागली. साहेबांनी आधी रंगावर संशय घेतला, मग पाण्याखालच्या पंख्यावर, मग तळाला चिकटणाऱ्या शिंपल्यांवर. पाणबुडे खाली जाऊन आले. शिंपले नव्हते.

लाउवोयमधल्या प्रत्येकाला बोट कललेली दिसत होती. कुणी बोललं नाही. आमच्याकडे शिकलेल्या माणसाला त्याची चूक सांगणं म्हणजे त्याच्या घरात बूट घालून शिरण्यासारखं. शिवाय सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की नव्या पद्धतीची बोट अशीच असणार.

तोर्युसने नव्या बोटीचे आकडे यंत्राला दाखवले. यंत्र म्हणालं, वजन 'स' बाजूला नाही. तोर्युस म्हणाला, ते असायला हवं. यंत्र म्हणालं, नाही. शेवटी तो बॅग भरून लाउवोयला आला आणि गाड्यांच्या डेकवर अर्नफिनपाशी उभा राहिला.

"अर्नफिनकाका, ट्रक 'स'कडे का लावत नाही तुम्ही?"

"कशाला?"

"समुद्राकडे जातात ना ते. लिहिलंय की."

"समुद्राकडे?" अर्नफिनने त्याच्याकडे नीट पाहिलं. "अरे बाबा, समुद्र एवढा समोर आडवा पडलाय, तो पाटी लावून कशाला दाखवायचा? तो स्वेलेचा 'स' आहे. मीच काढलेला. रंग संपला म्हणून राहिला."

तोर्युस तिथेच एका मिनीबसच्या बंपरवर बसला. त्याला जिना आठवला, गुडघे फुटलेले आठवले, आणि आपण रोज कुठल्या बाजूला पळत होतो तेही आठवलं. वर्षभर त्याने यंत्राला जे कोडं घातलं होतं त्याचं उत्तर त्याने स्वतः लहानपणी पोटभर खाल्लं होतं.

"तुम्ही बोलला का नाहीत?" त्याने विचारलं.

"मला वाटलं, मुद्दाम कलती केलीय," अर्नफिन म्हणाला. "बक्षीस मिळालं ना तिला."

साहेबांनी काँक्रीटचे ठोकळे सुचवले. यंत्राने हिशेब केला आणि नको म्हणून सांगितलं. ठोकळे जन्मभर वाहावे लागतील, त्यात बॅटरी आणखी खपेल. बॅटऱ्या हलवायच्या तर बोट कापावी लागेल. यंत्राच्या मते सगळ्यात स्वस्त उपाय एकच होता: जे वजन बोटीवर येतंच आहे ते 'स' बाजूला आकर्षित करावं. कसं, ते यंत्राला माहीत नव्हतं. तोर्युसला होतं.

गुनवोर खुराडं झाडत होती. भाच्याला बघून तिने झाडू खाली ठेवला नाही.

"वाट चुकलास?"

"मावशी, तवा परत लावायचाय. त्याच जागी."

"तवा वीज खातो."

"पंप त्याच्या कितीतरी पट खातात." आणि मग त्याने सगळं सांगितलं. ट्रक, बॅटऱ्या, कललेला केक. भोकावर ठोकलेलं आपल्या बोटीचं चित्र त्याला दिसत होतं आणि त्याच्यावर कोंबड्यांनी काय केलंय तेही.

गुनवोर ऐकत राहिली. तिचा चेहरा लाल होत गेला.

"म्हणजे मी वजन," ती म्हणाली. "तीस वर्षं मला वाटत होतं लोक चवीसाठी येतात. आणि तुमच्या कागदात मी कोण? पोत्यातली वाळू!"

"तू नाही गं. तुझ्यामागे येणारे. लोक चवीसाठीच येत होते, नाहीतर अख्खी बोट कशी कलली असती? पृथ्वीवर आजवर कुणाच्या हाताची चव कुणी मोजली नसेल, मावशी. तुझी मोजलीय. टनांत आलीय."

 तिने खुराड्याचा एकच कोपरा तीनदा झाडला.

"किती टन?" तिने शेवटी विचारलं.

त्याने सांगितलं. तिने झाडू भिंतीला टेकवला.

"एक अट. ते स्टीलचं अक्षर. एक तर पूर्ण करा, नाहीतर काढा."

बोटीवर स्वयंपाकघर ठेवायला परवानगी नव्हती, बक्षिसाच्या कागदांत तसं लिहून गेलं होतं. म्हणून गुनवोरची नेमणूक यंत्रविभागात झाली, 'भार-आकर्षण सहायक' या पदावर. तिला इंजिनवाल्यांसारखं निळं जाकीट मिळालं. तवा 'संतुलन उपकरण' म्हणून बसवला. अर्नफिनने स्टीलच्या अक्षरापुढे उरलेली अक्षरं पिवळ्या रंगाने काढली, या वेळी रंगाचे दोन डबे आणून. पहिल्या दिवशी मागनारचा ट्रक जिन्याखाली लागला, त्याच्यामागे सगळे लागले, आणि धक्का सुटायच्या आत बोट पातळी लावल्यासारखी सरळ झाली. पंप गप्प बसले. वर मागनार रांगेत पहिला होता.

"चीज दोनदा," गुनवोर म्हणाली.

"हो," मागनार म्हणाला. त्याने घास घेतला, चावला आणि घसा साफ केला. पण मागे रांग होती, आणि तो बाजूला झाला.

उन्हाळा लागला. पर्यटकांच्या बसगाड्या येऊ लागल्या, आणि कुणीतरी तव्याचा फोटो कुठेतरी टाकला. शनिवारी लोक नुसतं स्वेले खायला बोटीवर चढू लागले, पलीकडे उतरत नसत, तसेच परत येत. ऑफिसातून मेल आली. अर्नफिनने ती आपल्या फोनवर बघून मोठ्याने वाचली.

"'शनिवारी स बाजूचं आकर्षण प्रमाणापेक्षा जास्त आढळत आहे. बोट समुद्राकडे कलत आहे. तरी सहायकांनी शनिवारपुरतं आकर्षण एक तृतीयांशाने कमी करावं.'"

"म्हणजे काय करायचं?"

"म्हणजे शनिवारी जरा बेचव कर, असं म्हणतायत. साखर कमी घाल, असं खाली लिहिलंय. चीज बंद करून बघ, असंही."

गुनवोरने पळी खाली ठेवली. जन्मभर ज्या कौतुकाची वाट बघितली ते शेवटी आलं, आणि आलं ते तक्रार होऊन. तिला हसू आलं, आणि रागही आला, आणि दोन्हींत आधी कुठलं बाहेर काढावं ते कळेना. मग तिने अंड्यांचं खोकं पुढे ओढलं आणि त्या शनिवारच्या पिठात नेहमीपेक्षा जास्त अंडी फोडली.

रांग जिन्यावरून खाली ट्रकांपर्यंत गेली. टेबलांवरचे कप समुद्राकडे सरकायला लागले. कॅप्टनने वरून माइक उघडला.

"गुनवोर, बोट कलतेय!"

"कलू दे!" गुनवोर ओरडली. तिच्याकडे माइक नव्हता, तरी त्याला ऐकू गेलं.

रांगेच्या शेवटी तोर्युस होता. काखेत लॅपटॉप, त्यावर बोटीची लाल रेघ, कललेली. तो तव्यापाशी पोचला तेव्हा समोरच्या धक्क्यावरची माणसं दिसू लागली होती.

"मेल तू पाठवलीस?"

"यंत्राने. मी फक्त सही केली." त्याने स्वेले हातात घेतलं, तिथेच उभ्या उभ्या एक मोठा घास तोडला आणि डोळे मिटले. "वाईट नाही, मावशी."

गुनवोरने त्याच्याकडे पाहिलं. मग चिमट्याने चीजचा आणखी एक तुकडा उचलून त्याच्या स्वेलेत कोंबला.

"वजन मोजायला आलायस ना? मग इथे उभा राहू नकोस. जा, तिकडे डोंगराच्या बाजूला जाऊन बस. तेवढीच सरळ होईल."

डोंगराकडचे सगळे बाक रिकामे होते. तोर्युस तिकडे जाऊन एकटाच बसला आणि राहिलेलं स्वेले खाऊ लागला. बोट तशीच समुद्राकडे कललेली हेल्लेनेसला लागली.